इन्व्हर्टरची बॅटरी दोन वर्षांत का जाते आणि पाच वर्षे कशी टिकेल?



मृगाचा पहिला वारा सुटला की आपल्या भागात, म्हणजे अंबरनाथ, बदलापूर, वांगणी आणि उल्हासनगरच्या आसपासच्या गावांत, विजेचा लपंडाव सुरू होतो. कुठे तारेवर फांदी पडते, कुठे रोहित्र जळते, तर कधी दुरुस्तीसाठी म्हणून दिवसभर वीज बंद असते. पोरांचा अभ्यास, म्हाताऱ्या माणसांचा पंखा, गोठ्यातला दिवा, कोंबड्यांच्या पिलांची ऊब, सगळे विजेवर आले आहे. म्हणून आता खेड्यापाड्यांतही पुष्कळ घरांत इन्व्हर्टर बसला आहे.

इन्व्हर्टर आला आणि त्याच्या मागोमाग एक तक्रारही आली. "साहेब, पहिल्या वर्षी चार-चार तास चालायचा. आता वीज गेली की पंधरा मिनिटांत शिटी मारतो. बॅटरीच खराब निघाली."

कारखान्यातूनच खराब निघालेली बॅटरी असते, नाही असे नाही. पण अशी बॅटरी बहुधा पहिल्या काही महिन्यांतच आपला गुण दाखवते. वर्ष-दीड वर्ष नीट चाललेली बॅटरी जेव्हा बसते, तेव्हा त्यामागे बहुतेक वेळा तीनच कारणे असतात: ती रिकामी पडून राहिली, तिच्यातले पाणी आटले, किंवा ती उष्णतेत शिजली. ही तिन्ही कारणे आपल्या हातातली आहेत. हे एवढे समजून घेतले तर पुष्कळ पैसा वाचेल.

हिशेबच करून पाहा. १५० ॲम्पिअर-तासांची चांगली बॅटरी साधारण १५ हजार रुपयांना पडते असे धरू. ती अडीच वर्षांत गेली तर वर्षाला ६ हजार रुपये खर्च झाले. तीच पाच वर्षे टिकली तर ३ हजार. म्हणजे महिन्यातून दहा मिनिटे लक्ष देण्याची मजुरी वर्षाला ३ हजार रुपये झाली.

बॅटरीच्या पोटात काय चालते?

घरच्या इन्व्हर्टरला बहुधा शिसे-आम्लाची बॅटरी असते. या जातीची पहिली बॅटरी गास्तोन प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ साली तयार केली. आज घडण सुधारली आहे, पण तत्त्व तेच आहे. बॅटरीत सहा घरे असतात, त्यांना सेल म्हणतात. प्रत्येक सेल २ व्होल्टचा, मिळून १२ व्होल्ट. प्रत्येक घरात शिशाच्या प्लेटा गंधकाच्या पातळ आम्लात बुडवलेल्या असतात.

आपण वीज काढतो तेव्हा आम्लातला गंधकाचा अंश प्लेटांवर जाऊन बसतो आणि आम्ल पातळ होत जाते. चार्जिंग केले की तो अंश पुन्हा आम्लात उतरतो. हे जाणे-येणे हजारदा झाले तरी चालते. पण बॅटरी रिकामी करून तशीच ठेवली, तर प्लेटांवर बसलेला थर घट्ट होतो, त्याचे कडक खडे बनतात. मग तो थर चार्जिंगनेही निघत नाही. चिखलणी केलेले खाचर पाण्याविना उन्हात वाळले की त्याला भेगा पडतात आणि नंतर कितीही पाणी सोडले तरी ती जमीन पहिल्यासारखी होत नाही. प्लेटांचेही तसेच समजा. तेवढा भाग कायमचा नापीक झाला.

पहिला शत्रू : रिकामेपण

बॅटरी शेवटच्या थेंबापर्यंत उपसू नका. इन्व्हर्टर शिटी मारू लागला म्हणजे "आता पुरे" असे तो सांगत असतो. पुष्कळ जण तेव्हा बटण बंद करून पुन्हा चालू करतात आणि आणखी पाच मिनिटे ओढतात. या पाच मिनिटांची किंमत फार मोठी आहे. दर वेळी पूर्ण रिकामी करण्याऐवजी निम्म्यावर थांबलात, तर बॅटरीला सुमारे दुप्पट फेऱ्यांचे आयुष्य मिळते.

आपली बॅटरी किती वेळ पुरेल हे कागदावर मांडता येते. १२ व्होल्ट गुणिले १५० ॲम्पिअर-तास म्हणजे १८०० वॅट-तास. त्यातली निम्मीच वापरायची, म्हणजे ९००. इन्व्हर्टरमध्ये साधारण पाचवा हिस्सा वाया जातो. हाती राहिले ७२० वॅट-तास.

आता घरातला भार मोजा. जुने दोन पंखे, प्रत्येकी ७५ वॅट, झाले १५०. नऊ वॅटचे चार दिवे, ३६. टीव्ही ५० आणि मोबाईल वगैरे १४. एकूण २५० वॅट. ७२० ला २५० ने भागले की पावणेतीन तासांहून थोडे जास्त.

हेच पंखे नव्या कमी विजेच्या जातीचे, प्रत्येकी ३० वॅटचे घेतले आणि टीव्ही बंद ठेवला, तर भार ११० वॅट होतो आणि तीच बॅटरी साडेसहा तास पुरते. मोठी बॅटरी घेण्याआधी पंखा बदलण्याचा विचार करा, तो पुष्कळदा स्वस्त पडतो.

विहिरीवर मोठा पंप लावून पाणी खेचले की झरे पुरे पडत नाहीत, सावकाश उपसले की पाणी जास्त मिळते. बॅटरीचे तसेच आहे. तिच्यावर लिहिलेले १५० ॲम्पिअर-तास हे बहुधा वीस तासांत सावकाश काढले तर मिळतात. घाईने ओढले तर कमीच मिळणार.

म्हणून इस्त्री, गिझर, शेगडी, मिक्सर आणि पाण्याचा पंप इन्व्हर्टरवर लावू नका. एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॅट, आणि मोटर सुरू होताना काही क्षण याच्या कितीतरी पट वीज ओढते. घरगुती इन्व्हर्टरचे ते काम नव्हे.

आणखी एक गोष्ट. पुष्कळ इन्व्हर्टरच्या मागे एक लहान खटका असतो. एका बाजूला 'यूपीएस' आणि दुसऱ्या बाजूला साधी रीत. यूपीएसवर ठेवला तर वीज साधारण १८० व्होल्टच्या खाली गेली की यंत्र तिला नाकारते आणि बॅटरीवर जाते. गावात संध्याकाळी दाब कमी असतो. शेजारी दिवे मिणमिणत असतात आणि आपल्याकडे लख्ख उजेड. आपल्याला बरे वाटते, पण बॅटरी रोज संध्याकाळी रिकामी होत असते. संगणक नसेल तर खटका साध्या रीतीवर ठेवा. फ्रिजला मात्र कमी दाबाचा त्रास होतो, त्याला वेगळा स्टॅबिलायझर लावा.

वीज आली की बॅटरीला पोटभर चार्ज होऊ द्या. पूर्ण रिकामी झालेली १५० ची बॅटरी भरायला दहा-बारा तास सहज लागतात. लग्नाला किंवा गावाला पंधरा-वीस दिवस जाणार असाल तर घराचे मुख्य बटण बंद करून जाऊ नका. तसे केले की वीज गेली असे समजून इन्व्हर्टर बॅटरीवर जातो आणि रिकामा होऊन पडतो. घर फार दिवस बंद राहणार असेल तर बॅटरी पूर्ण भरून, इन्व्हर्टर बंद करून, तिची एक तार सोडून ठेवावी आणि महिन्याभराने पुन्हा भरावी.

दुसरा शत्रू : पाणी आटणे

चार्ज होताना आम्लातले पाणी वायू होऊन उडते. आम्ल उडत नाही, पाणी उडते. म्हणून वरून फक्त पाणी घालायचे, आणि तेही डिस्टिल्ड वॉटरच. विहिरीचे, बोअरचे किंवा नळाचे पाणी चालत नाही. त्यातले क्षार आणि लोह प्लेटा खातात. फिल्टरचे पिण्याचे पाणीही नको, त्यातही क्षार उरलेले असतात.

प्रत्येक सेलच्या झाकणावर लाल-हिरव्या खुणेची एक तरंगती दांडी असते. महिन्यातून एकदा सहाही दांड्या पाहा. दांडी लाल खुणेकडे गेली की पाणी घाला. पाणी बॅटरी पूर्ण चार्ज झाल्यावर घालावे, कारण चार्ज होताना पातळी वर चढते. आधीच काठोकाठ भरले तर आम्ल बाहेर सांडते. पण पाणी इतके आटले असेल की प्लेटा उघड्या पडल्या आहेत, तर मात्र आधी प्लेटा बुडतील एवढेच पाणी घाला, चार्ज करा आणि मग उरलेले भरा.

प्लॅस्टिकचे नरसाळे वापरा. लोखंडी वस्तू बॅटरीच्या वर नेऊ नका. पाना दोन्ही टोकांवर टेकला तर ठिणगी उडते.

तिसरा शत्रू : उष्णता

वैशाखात बदलापूरकडे पारा ४० च्या वर जातो हे आपण अनुभवतोच. बॅटरी साधारण २५ ते २७ अंशांना सुखात असते. याहून १० अंश जास्त उष्णतेत ती कायम राहिली तर तिचे आयुष्य जवळजवळ निम्मे होते. पत्र्याच्या पडवीत, पश्चिमेच्या उन्हात, चुलीजवळ किंवा बंद पेटीत बॅटरी ठेवू नका. सावली आणि वारा असलेली जागा हवी.

बॅटरी कुठे आणि कशी ठेवावी?

२६ जुलै २००५ चा पूर आपल्या भागाने पाहिला. २७ जुलै २०१९ ला उल्हास नदीच्या पाण्यात महालक्ष्मी एक्सप्रेस वांगणीजवळ अडकली, तेव्हाही काठच्या कित्येक घरांत पाणी शिरले. ज्यांच्या घरात पूर्वी पाणी आले आहे, त्यांनी भिंतीवरची त्या पाण्याची रेघ आठवावी आणि बॅटरी तिच्या वर, भक्कम मांडणीवर ठेवावी. भरलेली मोठी ट्यूब्युलर बॅटरी ५० किलोच्या वर असते, लेचीपेची फळी चालायची नाही.

पाणी चढू लागले तर हात-पाय कोरडे असतानाच इन्व्हर्टर आणि मुख्य बटण बंद करा. बुडालेल्या यंत्राला हात लावू नका. पूर ओसरल्यावर वायरमनने पाहिल्याशिवाय चालू करू नका.

चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो. हवेत तो शेकडा ४ भाग झाला तरी पेट घेऊ शकतो. म्हणून बॅटरीजवळ बिडी, देवाचा दिवा, उदबत्ती नको. पेंढा किंवा फवारणीची औषधेही तिच्या शेजारी नकोत. झोपायच्या बंद खोलीत ठेवू नका.

टोकांवर पांढरा-हिरवा क्षार जमतो. त्याने वीज अडते आणि तारा तापतात. इन्व्हर्टर बंद करून, गरम पाण्यात खाण्याचा सोडा कालवून जुन्या दातांच्या ब्रशने क्षार धुवा. सोड्याचे पाणी सेलमध्ये जाऊ देऊ नका. कोरडे पुसून नट घट्ट करा आणि वर थोडे व्हॅसलिन लावा. आम्ल अंगावर उडाले तर भरपूर पाण्याने धुवा. डोळ्यांत गेले तर निदान पंधरा मिनिटे पाण्याची धार धरा आणि तडक डॉक्टर गाठा.

शेतातल्या लहान बॅटऱ्या

पाठीवरच्या फवारणी पंपाची बॅटरी आणि रानडुकरांसाठी लावलेल्या झटका यंत्राची बॅटरी यांनाही हाच नियम आहे. फवारणी संपली की पंप धुऊन आपण माळ्यावर टाकतो आणि पुढच्या हंगामात काढतो, तेव्हा बॅटरी मेलेली असते. हंगाम संपला की ती पूर्ण चार्ज करा, मगच ठेवा आणि दोन महिन्यांनी एकदा पुन्हा चार्ज करा. वांगणीकडच्या रोपवाटिकांतही असे पंप खूप असतात. त्यांनी भिंतीवर तारीख लिहून ठेवावी.

लाईनमनचा जीव

काही जण इन्व्हर्टरबरोबर जनरेटरही ठेवतात आणि वीज गेली की त्याची तार घरातल्या सॉकेटमध्ये खुपसतात. ही वीज मीटरमधून उलटी खांबावर जाते आणि रोहित्रातून चढून पुष्कळ जास्त दाबाची होते. तारेवर काम करणारा लाईनमन ती बंद आहे असे समजून हात लावतो. तोही कुणाचा तरी बाप, भाऊ असतो. जनरेटरला चेंजओव्हर स्विच बसवल्याशिवाय तो घराला जोडू नका. इन्व्हर्टरचे वायरिंगही जाणत्या वायरमनकडूनच करून घ्या.

विकत घेताना

उल्हासनगर, कल्याण, अंबरनाथच्या बाजारात पुष्कळ जाती मिळतात. वीज वरचेवर जात असेल तर सपाट प्लेटांच्या बॅटरीपेक्षा ट्यूब्युलर घ्या, ती जास्त टिकते. बॅटरी कधी तयार झाली ती तारीख पाहा. दुकानात सहा-आठ महिने पडलेली बॅटरी तिथेच म्हातारी झालेली असते. वॉरंटी '३६ अधिक २४' अशी लिहिली असेल तर पहिले ३६ महिने बहुधा फुकट बदलून मिळते, पुढचे २४ महिने नव्या बॅटरीवर नुसती सूट. हे आधी विचारून घ्या. बिल आणि शिक्का मारलेले कार्ड जपून ठेवा.

जुनी बॅटरी दुकानदारालाच परत द्या, तिचे पैसे वळते होतात. सरकारच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे जुन्या बॅटऱ्या परत गोळा करून त्यांची नीट विल्हेवाट लावण्याची जबाबदारी बनवणाऱ्यांवर आहे. घरी फोडून शिसे काढू नका आणि आम्ल बांधावर ओतू नका. शिसे हे विष आहे, लहान मुलांच्या मेंदूवर त्याचा परिणाम होतो.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

प्रश्न : ट्रॅक्टरची बॅटरी इन्व्हर्टरला लावली तर चालेल का?
उत्तर : दिवा लागेल, पण बॅटरी जाईल. ट्रॅक्टरची बॅटरी क्षणभर मोठा झटका देण्यासाठी असते, तिच्या प्लेटा पातळ असतात. रोज सावकाश उपसणे तिला सोसत नाही.

प्रश्न : कमजोर बॅटरीत थोडे आम्ल घातले तर ताकद येते का?
उत्तर : नाही. चार दिवस आल्यासारखी वाटते, पण जास्त आम्ल प्लेटा खाते.

प्रश्न : बॅटरी चांगली की गेलेली, हे घरी कसे ओळखावे?
उत्तर : पूर्ण चार्ज करून, इन्व्हर्टर आणि चार्जिंग बंद ठेवून तीन-चार तासांनी मीटर लावा. १२.६ ते १२.७ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी. पूर्ण चार्ज करूनही १२ च्या खाली राहत असेल तर एखादा सेल बसला असण्याची शक्यता आहे. वायरमनकडे हायड्रोमीटर असतो, त्याने सहाही घरांतले आम्ल तपासून घ्या. पाच घरे सारखी आणि एक फार कमी निघाली, तर तेच घर गेले.

प्रश्न : दोन बॅटऱ्यांपैकी एकच गेली. एकच बदलू का?
उत्तर : शक्यतो जोडी एका वयाची ठेवा. म्हाताऱ्या बैलाला तरणा बैल जुंपला तर औत नीट चालत नाही. जुनी बॅटरी नव्यालाही लवकर बसवते.

प्रश्न : लिथियम बॅटरी घ्यावी का?
उत्तर : किंमत जास्त, पण पाणी घालावे लागत नाही, वजन कमी आणि आयुष्य मोठे. मात्र तिचे चार्जिंग वेगळे असते. इन्व्हर्टर तिच्यासाठी बनवलेला असेल तरच घ्या.

प्रश्न : छतावर सौर पॅनेल बसवले म्हणजे इन्व्हर्टर नको ना?
उत्तर : २०२४ साली सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेतली साधी यंत्रणा विजेच्या लाईनला जोडलेली असते. लाईन गेली की लाईनमनच्या सुरक्षेसाठी तीही आपोआप बंद होते. वीज गेल्यावर उजेड हवा असेल तर बॅटरी लागतेच. पॅनेल घेताना हे स्पष्ट विचारून घ्या.

हे भिंतीवर चिकटवा

दर महिन्याच्या १ तारखेला : सहाही दांड्या पाहा, लागेल तर डिस्टिल्ड वॉटर घाला, वरची धूळ पुसा.
दर तीन महिन्यांनी : टोके धुवा, नट आवळा, व्हॅसलिन लावा.
मे अखेर : जागा आणि उंची तपासा, एकदा पूर्ण चार्ज करून व्होल्ट मोजा.
शिटी वाजली की : पंखे-टीव्ही बंद, एकच दिवा चालू. बटण पुन्हा दाबायचे नाही.

घरात दहावी-बारावीची मुले असतील तर हे काम त्यांच्याकडे सोपवा. पाणी घातल्याची तारीख त्यांनी खडूने भिंतीवर लिहावी. आम्लाला हात लावताना मात्र मोठ्या माणसाने जवळ उभे राहावे.

गुराला वेळेवर वैरण-पाणी आणि सावली दिली की ते वर्षानुवर्षे साथ देते, हे तुम्हाला सांगायला नको. बॅटरीलाही याहून जास्त काही लागत नाही. पुढच्या पावसात भर रात्री वीज गेली, तर तुमच्या घरातला दिवा सकाळपर्यंत तेवत राहो.